नदीत सोडलेली फाईल

शिर्डी, शुक्रवार, ४ जुलै २०२५

चि. वैजनाथ यास सुरेखाचे आशीर्वाद. रागातले आहेत, पण आशीर्वाद आहेत, तेव्हा गुमान घे.

शिर्डी ते पुणतांबा पंधरा-सोळा किलोमीटर. एवढ्या अंतरावर राहणाऱ्या सख्ख्या भावाला पोस्टाने पत्र पाठवणारी मी या तालुक्यात एकटीच असेन. पोस्टातल्या बाईने पाकिटावरचा पत्ता वाचला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला काय सांगू? भावाने अकरा वर्षांपूर्वी माझा नंबर ब्लॉक केला, तो अजून ब्लॉकच आहे. माझ्या जयाच्या मोबाईलवरून लावला, तर तोही ब्लॉक. जयाच्या पप्पांचा फोन एकदा उचललास, आवाज ओळखलास आणि ठेवून दिलास. पोस्टमन अंगदला ब्लॉक करायची सोय मात्र अजून निघालेली नाही.

कामाचं बोलते. मे महिन्यात माझ्या मोठ्या आतड्यातून दोन गाठी काढल्या. घाबरू नकोस, म्हणजे घाबरणार असशील तर. पोट फाडलं नाही. नगरला भूल देऊन खालून दुर्बीण घातली आणि तारेच्या बारीक फासाने गाठी मुळापासून कापल्या. तिसऱ्या दिवशी मी हॉटेलात ड्युटीवर होते. कॅन्सर नव्हता. पण तशाच राहू दिल्या असत्या तर झाला असता, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

आता तुझी पाळी. मॅडमचं सांगणं असं, की आई-बापाला ज्या वयात हा रोग सापडला, त्याच्या दहा वर्षं आधी मुलांनी ही दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची. आप्पांना सेहेचाळिसाव्या वर्षी सापडला. तू चाळीस पूर्ण केलंस. म्हणजे तू चार वर्षं उशिरा आहेस आणि मी आठ वर्षं उशिरा होते.

"आप्पाला मूळव्याध हुती," असं तू आत्ता वाचता वाचता म्हणालास, ते मला इथे ऐकू आलं. अकरा वर्षं तेच म्हणतो आहेस. अकोल्याची मुलगी तुला ठरली, सुपारी फुटली, आणि मुलीच्या आत्याने, त्या झुंबरबाईने, मला सरळ विचारलं, "तुमचे वडील कशानं गेले?" मी सांगितलं, आतड्याच्या कॅन्सरने. आठ दिवसांत त्यांचा नकार आला. तू सगळ्यांसमोर म्हणालास, आक्काने खोटं बोलून माझं लग्न मोडलं. आई उंबऱ्यात उभी होती. तिने तुझ्याकडे बघून होकाराची मान हलवली.

मला खोटं बोलता येत नाही हा माझा दोष. मॅडमनी विचारलं, "घरात कुणाला होतं का?" मी पहिल्या भेटीतच सगळं सांगून मोकळी झाले. म्हणून वाचले. तूही हेच कर. दवाखान्याचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे, आणि माझं नाव सांगायची तुला लाज वाटत असेल तर नको सांगू.

आईला नमस्कार. पंकजाला आणि पोरींना आशीर्वाद.

तुझी आक्का


शिर्डी, रविवार, २० जुलै २०२५

चि. वैजनाथ,

पत्र पोचलं. अंगदला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "घेतलं, फाडलं, वाचलं आन् पेरूच्या क्रेटखाली सारलं." तुझा निरोपही त्याने प्रामाणिकपणे पोचवला: "तिला म्हनावं, आप्पाला मूळव्याध हुती. आई जित्ती हाय सांगायला."

आई जिवंत आहे हे मला ठाऊक आहे, वैजू. माझीही आईच आहे ती. आणि आप्पांना काय होतं हे तिला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

ऐक आता. हे मी तुला चोवीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. नगरच्या दवाखान्यातून आप्पांना घरी पाठवलं तेव्हा एक हिरव्या पुठ्ठ्याची फाईल दिली होती. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी, बारावी झालेली. पुठ्ठ्यावरच नाव होतं, गोरक्षनाथ, वय सेहेचाळीस, आणि खाली रोगाचं नाव. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन मराठीत समजावलं, "तुम्ही भावंडं पस्तीस-छत्तीसची झालात की तपासून घ्या. ही फाईल जपून ठेव, तेव्हा लागेल." मी वीस वर्षांची होते. छत्तीस म्हणजे म्हातारपण वाटलं मला. पण फाईल मी ट्रंकेत ठेवली.

आप्पा वर्षाच्या आतच श्रावणात गेले. दहाव्याला घाटावर त्यांची गोधडी, धोतरं, औषधाच्या बाटल्या, पितळी पेला, सगळं नदीत सोडायला काढलं. तू डोकं भादरून पायरीवर बसला होतास, तुझं कशाकडेच लक्ष नव्हतं. आईने गोधडीची घडी सोडली आणि आतून हिरवा पुठ्ठा दिसला. गोदावरीला पाणी भरपूर होतं. गोधडी बुडाली, फाईल काही लगेच बुडाली नाही. मी पाण्यात उतरणार तेवढ्यात आईने मनगट धरलं. बांगडी फुटेपर्यंत आवळलं.

म्हणाली, "आजारपन घरात ठिवत्यात का? तुझं लगीन व्हायचंय. पोरीच्या बापाला कॅन्सर हुता म्हनल्यावर कोन दारात उभं ऱ्हाईल? मूळव्याध म्हनायचं. सुटलं."

पुढची तेरा वर्षं मी मूळव्याधच म्हणत राहिले. सासरी तेच सांगितलं, शेजारी तेच सांगितलं, जयाच्या पप्पांनाही तेच सांगितलं. तुला तर त्या वयात काही सांगायचा प्रश्नच नव्हता, आणि तू मोठा झाल्यावरही ते राहूनच गेलं. म्हणजे आप्पांचा रोग तुला पहिल्यांदा कळला तो अकोल्याच्या लोकांच्या तोंडून, नकारासोबत. यात माझं चुकलं, हे लिहून देते. पण चुकलं ते सांगण्यात नाही, आधी तुला न सांगण्यात.

आता तरी आईला विचार. हात जोडून विचार नाहीतर भांडून विचार, पण विचार.

आक्का


शिर्डी, रविवार, १० ऑगस्ट २०२५

वैजू,

काल राखी पौर्णिमा होती. राखी पाकिटात घातली आहे, बांध किंवा पेरूच्या फांदीला बांध. आशीर्वाद वगैरे आज लिहीत नाही. माझं डोकं फिरलं आहे.

गुरुवारी पंकजा इकडे आली होती. तिच्यावर ओरडलास तर मी स्वतः पुणतांब्याला येऊन उभी राहीन. हॉटेलच्या मागच्या दाराशी पेरूची पिशवी घेऊन बिचारी तासभर थांबली, मला बाहेर यायला गर्दीमुळे वेळ मिळेना. शेवटी चादरी-टॉवेलच्या लिनन रूममध्ये बसवलं आणि चहा दिला, तर तिला रडूच फुटलं.

"आक्का, ह्यांच्या चड्डीला डाग दिसत्यात रगताचं. चार म्हैने झालं. इचारलं तर म्हनत्यात उष्णता हाय. आधी क्रेट उचलायचे दोन-दोन, आता एक उचलला की बसत्यात."

चार महिने, वैजू! आणि तू बोटात मूळव्याधीची अंगठी घालून फिरतो आहेस. बाजारातल्या माणसाने दिली म्हणे, एकवीस दिवसांत फरक. शंभराच्या वर दिवस झाले की रे, फरक कुठे आहे? वर ते काळं चूर्ण. मूळव्याध असेलही तुला, मी नाही म्हणत नाही. पण ती बघायला डॉक्टर लागतो, अंगठीवाला नाही. रक्त दिसलं की वय काही का असेना, आतून तपासायचं, एवढी साधी गोष्ट आहे.

आणि तुला ते दिसणार तरी कसं? तू पहाटे अंधारात तंबाखू मळत बांधापलीकडे जातोस. सरकारने बांधून दिलेल्या संडासात क्रेट रचून ठेवले आहेत. माझ्याकडे चाळीस खोल्यांची साफसफाई आहे, चाळीस पांढरी भांडी रोज माझ्या डोळ्यांखालून जातात, म्हणून मला माझं रक्त दिसलं. नाहीतर मीही उष्णताच म्हणत बसले असते.

आणि आता जे लिहिते आहे ते लिहिण्याआधी मी दोन कागद फाडले आहेत.

पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. मॅडमना मी पहिल्या भेटीत सगळं सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी कागदावर पेन टेकवून विचारलं, "आई, वडील, भाऊ, बहीण, कुणाला आतड्याचा कॅन्सर?" मी म्हणाले, "नाही." विचार न करता, तोंडातून आपोआप निघालं. जया माझ्या शेजारी बसली होती आणि तिला तेव्हा स्थळं बघायला सुरुवात केली होती. आईने माझं मनगट धरलं होतं ना, तसंच माझ्या जिभेला कुणीतरी धरल्यासारखं झालं.

मॅडमनी मूळव्याधीचं मलम दिलं, इसबगोल दिलं. तरी म्हणाल्या, "महिन्याभरात थांबलं नाही तर या, दुर्बीण घालून बघू." मी वर्षभर गेले नाही. जिने चढताना दम लागायला लागला, हिमोग्लोबिन सातवर आलं, तेव्हा गेले. दुर्बिणीतून दोन गाठी निघाल्या आणि भूल उतरल्यावर मॅडम म्हणाल्या, "तुमच्या घरात कुणाला नाही, मग या वयात कशा काय?" मी त्या टेबलावरून उठून बसले आणि रडत सगळं सांगितलं. त्या चिडल्या. बरोबर चिडल्या. म्हणाल्या, "मला हे वर्षापूर्वी सांगितलं असतं तर त्याच आठवड्यात तपासणी केली असती."

म्हणजे झुंबरबाईला खरं सांगणारी मी, डॉक्टरला खोटं बोलले. कुणाला काय सांगावं याची अक्कल मला देवाने उलटी दिली.

आणि झुंबरबाईचंही खरं ते ऐक. तिला मी सत्यवचनी म्हणून सांगितलं नव्हतं. तुझ्या सुपारीला मला कुणी विचारलं नाही. थोरली बहीण, पण आईने माझ्या आधी चुलत्यांच्या सुनेला मान दिला आणि मला स्वयंपाकघरात भाकरी थापायला बसवलं. तिथे ती बाई येऊन बसली, गोड बोलली, मला कुणीतरी विचारतंय असं वाटलं. बापाचं काय ते विचारलं तिने, आणि मी रागाने सांगून टाकलं. जे तेरा वर्षं पोटात धरलं, ते माझा मान राहिला नाही म्हणून बाहेर पडलं. याबद्दल तू मला कितीही शिव्या घाल. मी ऐकून घेईन. पंकजासारखी बायको त्यामुळेच मिळाली, हेही मी म्हणणार नाही, जरी ते खरं असलं तरी.

पण मी रागाने बोलले म्हणून आप्पांचा रोग खोटा होत नाही.

मॅडमनी मला समजावलं ते तुला सांगते. ही गाठ आधी ज्वारीच्या दाण्याएवढी असते. दुखत नाही, खुपत नाही. तिला मोठं व्हायला आणि बिघडायला आठ-दहा वर्षं लागतात. एवढी वर्षं ती आपल्याला वेळ देते. त्या वेळात कुणी दुर्बीण घालून ती खुडली, की विषय संपला, रोग होण्याआधीच संपला. आप्पांना हे नशीब मिळालं नाही, कारण त्यांच्याआधी कुणाला होतं हे आपल्याला माहीत नव्हतं. तुला माहीत आहे. तरी तू अंगठी घालून बसला असशील तर मग मी कोणत्या भिंतीवर डोकं आपटू, ते तूच कळव.

आक्का


शिर्डी, सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

वैजू,

मी पाकिटावर "खाजगी" असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. लाल पेनाने. आणि अंगदने ते पत्र ओट्यावर बसून आईला मोठ्याने वाचून दाखवलं!

फोन करून त्याला झाडलं तर म्हणतो, "आक्का, वैजूभाऊ घरी नव्हते. म्हातारी म्हनली, माझ्या लेकीचं पत्र हाय, वाच. मी काय न्हाई म्हनू?" शेजारच्या रंगुबाई लसूण सोलत बसल्या होत्या, त्यांनीही सगळं ऐकलं. म्हणजे आता निम्म्या पुणतांब्याला माझं हिमोग्लोबिन ठाऊक आहे. चोवीस वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट एका पोस्टमनने एका दुपारी ओट्यावर मोकळी केली. चिडावं की त्याला पेढे द्यावेत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढचं पंकजाने फोनवर सांगितलं. संध्याकाळी तू शेतातून आलास, हातपाय धुतलेस, आणि आईने तुला ताटावर बसू दिलं नाही. म्हणाली, "वैजा, तुझ्या बापाला कॅन्सरच हुता. फाईल म्या सोडली नदीत. सुरी खोटं बोलली न्हाई, म्या तिला बोलाय लावलं. आता तू तपासायला गेल्याबगर मी तोंडात घास घालनार न्हाई."

तू तरीही म्हणालास, "बघू." आणि आई त्या सोमवारी नुसतं पाणी पिऊन झोपली, आणि मंगळवारीही जेवली नाही. सत्तरीला आलेल्या बाईला दोन दिवस उपाशी ठेवून तू "बरं" म्हणालास. आप्पांवरच गेला आहेस, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

असो. "बरं" म्हणालास ते मी पक्कं धरलं आहे. मॅडमची वेळ घेतली. शुक्रवार १२ सप्टेंबर, दुपारी दोन. आता नीट वाच, क्रेटखाली सारू नकोस.

बुधवारपासून भाजीपाला, पेरू, बिया असलेलं काही खायचं नाही. पेरू तर नाहीच नाही, त्यांच्या बिया दुर्बिणीला अडवतात, मॅडमनी खास सांगितलं. गुरुवारी फक्त पातळ. भाताची पेज गाळून, नारळपाणी, काळा चहा. संध्याकाळी एक पावडर पाण्यात कालवून प्यायची, दोन लिटर, हळूहळू. शुक्रवारी सकाळी सहाला उरलेली. चव भयानक आहे, खारट आणि वर लिंबाचा खोटा वास. पिताना मला शिव्या दिल्यास तरी चालेल, मीही तुला दिल्या होत्या. त्यानंतर पोटात काही म्हणजे काही उरणार नाही. पंधरा-वीस वेळा जावं लागतं, आणि लागलं की लागलंच, बांधापर्यंत पोचायची सवलत मिळत नाही.

म्हणून तू गुरुवारी दुपारी माझ्याकडे यायचं आहेस. हे मानपानाचं नाही, संडासाचं आहे. तुझ्याकडच्यात क्रेट आहेत आणि माझ्याकडे कमोड आहे, खोलीला लागून, आतून कडी असलेला. माझ्याशी बोलू नकोस. माझ्याकडे बघू नकोस. अकरा वर्षांचा राग घेऊन ये आणि कमोडवर बस, मला चालेल. गुरुवार असूनही मी रजा टाकली आहे, आणि शिर्डीच्या हॉटेलात गुरुवारची रजा कशी मिळते ते तुला कळायचं नाही.

अंगठी काढून ये.

आक्का

ता. क. अंगदा, हे तूच वाचत असशील तर एवढं मोठ्याने वाच: आई, आता पोटभर जेव.


शिर्डी, रविवार, २८ सप्टेंबर २०२५

चि. वैजनाथ यास अनेक आशीर्वाद. या वेळी रागाशिवाय.

माझा नंबर मोकळा केलास हे दिसलं. फोन करता येतो आहे, तरी पत्र लिहिते आहे. का ते शेवटी कळेल.

तू आलास, चप्पल दाराबाहेर काढलीस आणि माझ्याकडे न बघता खोलीत गेलास. मी सांगितलं होतं तसंच वागलास म्हणून मला इतका राग आला की विचारू नकोस. जया तुला पावडरचे ग्लास नेऊन देत होती. मी स्वयंपाकघरात उभी राहून तुझ्या कडीचा आवाज मोजत होते. संध्याकाळभर तू एक शब्द बोलला नाहीस. सकाळी सहाला उरलेले ग्लास गेले, पुन्हा कडी, पुन्हा कडी. मला वाटलं, हा असाच मुका येणार आणि मुकाच जाणार.

मग सात वाजता आतून आवाज आला, "आक्का, पानी संपलं."

अकरा वर्षांनी तुझ्या तोंडून आक्का ऐकलं, आणि तेही टाकी रिकामी झाली म्हणून! मी बादली घेऊन धावले. दार थोडं उघडून तू हात बाहेर काढलास. त्या हातात अंगठी नव्हती. मी बादली दिली आणि तिथेच फरशीवर बसले. थोड्या वेळाने तू म्हणालास, "आक्का, भांडं पांढरं हाय." मी म्हणाले, "हो." तू म्हणालास, "रगत दिसतंय."

तुझा आवाज दहाव्याला घाटावर होता तसा झाला होता, सोळा वर्षांच्या पोराचा. मी म्हणाले, "दिसू दे. तेच बघायला चाललोय आपण." तू आत रडत होतास आणि मी बाहेर. जया येऊन दोघांवर ओरडली की गाडी अकराला निघणार आहे.

मॅडमनी पडद्यावर दाखवलं ते तू गुंगीत पाहिलं नसशील. मी पाहिलं. तीन गाठी. दोन लहान. तिसरी चिक्कूएवढी, अगदी खालच्या टोकाशी. मॅडम कितीतरी वेळ तिच्याभोवती तो फास फिरवत होत्या आणि मी देवाचं नाव घ्यायचं सोडून त्यांच्या हाताकडे बघत होते. परवा रिपोर्ट आला. तुला फोनवर फक्त "चांगला आहे" म्हणाले, आता पूर्ण सांगते. मोठ्या गाठीतल्या पेशी बिघडायला लागल्या होत्या. पण बिघाड गाठीतच होता, आतड्याच्या भिंतीत उतरला नव्हता, आणि गाठ कडेपर्यंत पूर्ण निघाली आहे. ऑपरेशन नाही, केमो नाही. वर्षाने पुन्हा दुर्बीण. मी विचारलं, "आणखी वर्षभर तो अंगठी घालून बसला असता तर?" मॅडम म्हणाल्या, "मग तुम्ही इथे वेगळं विचारत असता."

तुझी ती अंगठी मला बेसिनपाशी सापडली. परत देणार नाही.

जयासाठी आलेलं स्थळ तुला माहीत आहे. या वेळी त्यांनी विचारायच्या आधी जयानेच मुलाला फोन करून सांगितलं. आजोबांना होता, आईच्या गाठी काढल्या, मामाच्या काढल्या, मी तिसाव्या वर्षी तपासणार आहे, चालेल का बघा. मी शेजारी उभी होते. तिकडून अजून उत्तर नाही. नाही आलं तर जळो ते स्थळ, असं मी तोंडाने म्हणते. पण जयाचा फोन रोज दहादा मीच उघडून बघते, ते तुझ्यापाशी लिहायला हरकत नाही.

काल आईला भेटायला पुणतांब्याला आले तेव्हा तू बागेत होतास. संडासातले क्रेट बाहेर निघालेले पाहिले, बरं वाटलं. आई ओट्यावर बसली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "सुरे, म्या नदीत सोडलं ते परत येत न्हाई. पन तुला याद हाय नं काय लिवलं हुतं? लिहून काढ. नाव, वय, समदं." मी म्हणाले, "आई, लोक वाचतील." तर म्हणाली, "वाचू दे. म्या झाकून काय वाचवलं?"

म्हणून हे पत्र. नीट वाच आणि पोरी मोठ्या झाल्या की त्यांना वाचून दाखव.

गोरक्षनाथ यांना वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी ते गेले. मूळव्याध नव्हती. त्यांची मुलगी सुरेखा हिच्या आतड्यातून चव्वेचाळिसाव्या वर्षी दोन गाठी काढल्या. मुलगा वैजनाथ याच्या चाळिसाव्या वर्षी तीन काढल्या, त्यातली एक बिघडू लागली होती. डॉक्टरांनी सांगितलं आहे की या दोघांच्या मुलींनी तिसाव्या वर्षी तपासणी करून घ्यावी, आणि त्याआधी कधीही रक्त दिसलं, विनाकारण थकवा आला, पोटाची सवय बदलली, तर थांबू नये. डॉक्टरने घरात कुणाला होतं का विचारलं, तर हा कागद पुढे ठेवावा.

याच्या मी हाताने तीन प्रती केल्या आहेत. एक तुझी. एक आईने मागून घेतली, तिला वाचता येत नाही तरी. उशीखाली ठेवली आहे म्हणे. मी गेल्यावर माझ्या साड्या, गोधडी, ताट-वाटी, जे काय सोडायचं ते खुशाल घाटावर सोडा, मी अडवायला येणार नाही. कागद तेवढा ठेवा.

तिसरी प्रत जयाची. ज्या कुणाशी तिचं लग्न ठरेल, त्या लग्नात ती रुखवतात मांडणार आहे. फ्रेम करून, पितळी समईशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशी.

तुझी,
आक्का